आपली बातमी, आपलं काम

आयुष्यात मला जेवढे म्हणून धक्के बसले, त्यातले निम्मे माझ्या नवऱ्याने दिले आणि उरलेले निम्मे आमच्या कॉलेजच्या दादांनी. नवऱ्याचे आता सवयीचे झालेत. लग्नाला वीस वर्षं झाली की माणूस कशालाही सरावतो. दादांना मात्र मी कधी सरावले नाही. रोज सकाळी कॉलेजच्या फाटकातून आत शिरताना माझ्या छातीत धस्स व्हायचं, आणि ते विद्यार्थ्यांमुळे नाही की प्राचार्यांमुळे नाही. पोर्चमधल्या त्या काळ्या फळ्यामुळे. आज आपण कशात सापडलो, हे त्या फळ्याशिवाय कुणालाच माहीत नसायचं, आपल्याला स्वतःला तर नाहीच.

दादा म्हणजे आमच्या कॉलेजचे परिचर. बारीक अंगाचे, पांढरा सदरा, सदऱ्याच्या खिशात तीन खडू आणि त्या खडूंनी कायमचा पिवळा पडलेला खिसा. सुलतानपूरहून पहिल्या एसटीने यायचे, फाटक उघडायचे आणि कुणी यायच्या आत फळा लिहून मोकळे. फळ्याच्या मधोमध एक उभी रेघ. डावीकडे मथळा ‘आपली बातमी’, उजवीकडे ‘आपलं काम’. डावीकडे कर्मचाऱ्यांच्या घरची खबरबात: ‘इतिहासच्या सरांनी नवीन चष्मा घेतला आहे, चेहरा बदलला तरी ओळख दाखवावी.’ ‘रेक्टर मॅडमच्या गाईला कालवड झाली, खरवस मिळेल.’ ‘हेडक्लार्क साहेबांचं पोट आता बरं आहे.’ एवढ्यावर थांबलं असतं तर आम्ही हसून पुढे गेलो असतो. पण उजवीकडे असायची स्वयंसेवेची कामं, आणि प्रत्येक कामापुढे पिवळ्या खडूने एक नाव. नाव ज्याचं, त्याला विचारायची पद्धत नव्हती. मी एकदा विचारलं, “दादा, स्वयंसेवा म्हणजे आपल्या मनाने करायची ना?” तर शांतपणे म्हणाले, “हाव मॅडम. मनानंच करा लागते. नाव फक्त मी लेहून देतो.”

आणि त्यांचा एक नियम होता. काम झाल्याशिवाय नाव पुसायचं नाही. प्राचार्यांनी सांगितलं तरी नाही.

आमच्या केमिस्ट्रीच्या सरांचंच बघा. एका सोमवारी त्यांनी वाचलं की वसतिगृहाच्या मुलींना ते सायकल शिकवणार आहेत. गृहस्थ लालबुंद होऊन दादांना शोधत आले. “अहो, मलाच सायकल येत नाही!” दादांचा खडू तसूभर हलला नाही. “मंग काय झालं सर, तुमीबी शिकून घ्या. पोरी चांगल्या हायत, शिकवतीन तुमाले.” बावीस दिवस ते नाव फळ्यावर होतं. पालक वाचून जायचे, पोस्टमन वाचून जायचा, आणि समोरच्या टपरीवाल्याने तर सरांना चहा देताना “जमली का सायकल?” असं विचारायला सुरुवात केली. तेविसाव्या दिवशी सर मैदानावर उतरले, दोनदा आपटले, कोपर सोलून घेतलं. आज ते रोज सायकलवर कॉलेजात येतात आणि तब्येतीवर आम्हाला भाषणं देतात. मला अजून विश्वास बसत नाही.

पण माझी जी फजिती झाली, तिच्यापुढे हे काहीच नाही.

आमच्या रजेचे अर्ज प्राचार्यांच्या टेबलावर नेऊन ठेवायचं काम दादांचं. नेता नेता ते वाचायचे. ह्यात काही चुकीचं आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. उलट डाव्या बाजूच्या बऱ्याचशा बातम्या तिथूनच यायच्या. हे मला माहीत नव्हतं असंही नाही. पण भाचीचं लग्न तोंडावर होतं, बहीण खामगावला साड्या घ्यायला बोलावत होती, आणि साड्यांसाठी रजा मागायचं धाडस माझ्यात नव्हतं. मी लिहून टाकलं: ‘सासूबाईंची प्रकृती अत्यंत गंभीर असल्याने.’ आता आठवलं तरी कानशिलं तापतात. ‘गंभीर’ पुरलं असतं. ‘अत्यंत’ कशाला लिहिलं कोण जाणे.

संध्याकाळी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन घरी आले, तर दारात चपलांचा ढीग. खरंच काही झालं की काय, देवाने माझं ऐकलं की काय! आत धावले. बैठकीत सोफ्यावर केमिस्ट्रीचे सर थर्मास मांडीवर घेऊन बसलेले, ग्रंथपालबाई खिचडीचा डबा घेऊन, ऑफिसातले दोघं रक्तगट विचारायला आलेले, आणखी चार-पाच जण भिंतीला टेकून गंभीर चेहऱ्याने उभे. आणि सगळ्यांच्या मधोमध आमच्या सासूबाई, गच्चीवर कुरड्या घालत होत्या तशाच, कोपरापर्यंत चीक माखलेले हात घेऊन. माझ्याकडे बघितलं, माझ्या पिशव्यांकडे बघितलं आणि म्हणाल्या, “काऊन वं सूनबाई, मी मरून राह्यली अन् मलेच नाही सांगतलं?”

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. दादा दाराशी उभे होते. मला वाटलं आता बोलतील. ते फक्त एवढंच म्हणाले, “चांगलं झालं ना मॅडम, बातमी खोटी निंगाली.” आणि चेहऱ्यावर खरोखरचा आनंद! तोच मला जास्त लागला. दुसऱ्या दिवशी फळ्याच्या डाव्या बाजूला: ‘भूगोलच्या मॅडमच्या सासूबाई एका दिवसात ठणठणीत. धावून आलेल्या सर्वांचे आभार.’ आणि उजव्या बाजूला: ‘सासूबाईंच्या उरलेल्या कुरड्या घालू लागणे: भूगोलच्या मॅडम.’ गुपचूप जाऊन घातल्या. चार किलोच्या.

त्या दिवसापासून आमच्या कॉलेजात रजेच्या अर्जात खोटं लिहिणं बंद झालं. खरं लिहिणंही बंद झालं. सगळे एकच लिहायला लागले: ‘घरगुती कारणास्तव.’ दादा फार चिडायचे. अर्ज हातात धरून माणसामागे फिरायचे. “घरगुती म्हणजे काय झालं, सर? ही काय बातमी झाली? कोणी बिमार हाय का? लग्न हाय का? सांगसान तर कोणी येईन ना!”

मात्र एक गोष्ट माझ्या लक्षात यायला फार वर्षं लागली. त्या फळ्यावर प्राचार्यांपासून माळ्यापर्यंत सगळ्यांची नावं येऊन गेली होती. दादांचं नाव कधीच आलं नव्हतं. ना डावीकडे, ना उजवीकडे. कामाला सगळ्यांच्या आधी तेच उभे असायचे, पण नाव नाही. मुलीच्या लग्नाच्या दिवशीही पहाटे येऊन फळा लिहून गेले, आणि मुलीच्या लग्नाची बातमी त्यात नव्हती. आम्हाला पत्रिका मिळाल्या म्हणून कळलं. मी हटकलं तर म्हणाले, “आपलाच फळा, अन् आपलंच नाव? लोकं हसतीन.”

मागच्या वर्षी, दिवाळीनंतर, प्राचार्यांच्या केबिनमध्ये सही घ्यायला गेले होते. टेबलावर एक अर्ज होता. अक्षर ओळखीचं. अर्ध्या दिवसाची रजा, परिचर, कारण: ‘घरगुती.’ मी दोनदा वाचलं. प्राचार्य म्हणाले, “ह्या महिन्यातला सहावा.” मी हादरलेच. ज्या माणसाने आम्हाला त्या एका शब्दासाठी वर्षानुवर्षं फाडून खाल्लं, त्याने स्वतः तोच शब्द लिहावा? सहा वेळा?

घरी जाऊन खिचडी टाकली, डबा भरला, थर्मासात चहा भरला आणि सरळ सुलतानपूरची एसटी धरली. त्यांचीच पद्धत. घर विचारत गेले. शेजारीण दारातच भेटली, जयभीम केला आणि म्हणाली, “बरं झालं आल्या मॅडम. दिवसभर एकटीच पडून राहते बिचारी. मी वावरातून आली का पानी पाजतो, तेवढंच.” आत दादांच्या पत्नी खाटेवर होत्या. लकवा मारलेला. उजवी बाजू गेलेली, तोंड वाकडं झालेलं. दादा उशाशी बसून त्यांची वेणी घालत होते, आणि खिशात ते तीन खडू.

महिना झाला होता. महिनाभर हा माणूस पहाटे तिचं सगळं आवरून, तिला भरवून, पहिली एसटी धरत होता, आमच्या चष्म्यांच्या आणि कालवडींच्या बातम्या लिहीत होता आणि दुपारी जमलं तर धावत परत येत होता. एरवी पहाटेपासून संध्याकाळपर्यंत ती बाई दाराकडे बघत पडून असायची. मला रडू यायला हवं होतं. मला संताप आला.

“मोठी रजा का नाही घेत? एवढी साठलीय!”

“फळा कोन लेहीन, मॅडम?”

दादांनी आजवर दिलेले सगळे धक्के एकीकडे आणि हा एकीकडे. “आणि आम्हाला का नाही सांगितलं?”

त्यांनी मान खाली घातली. “हे फळ्यावर नका लेहू. लोकायले आपापले कामं असते.”

“लोकांना कामं असतात? हे तुम्ही मला सांगता? माझ्या धडधाकट सासूसाठी दहा माणसं घरात घुसवणारे तुम्ही?”

खाटेवरून आवाज आला. जड, तुटक, पण स्पष्ट. “लेहू... द्या.” डावा हात उचलून त्यांनी दादांच्या खिशाकडे दाखवला. “द्या... खडू.”

दादांनी बराच वेळ लावला. मग तिन्ही खडू माझ्या हातावर ठेवले, आणि एवढ्या सगळ्यातही विचारलंच, “अक्षर कसं हाय तुमचं?”

अक्षर माझं वाईटच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी डावीकडे लिहिलं: ‘दादांच्या पत्नीला लकवा झाला आहे. दादा आजपासून मोठ्या रजेवर.’ उजवीकडे लिहिलं: ‘सुलतानपूरला जाऊन वहिनींजवळ बसणे, दादांना जरा मोकळं करणे.’ पुढे नावं लिहायला हात उचलला, आणि थांबला. विचारल्याशिवाय लिहायची हिंमत दादांची, माझी नाही. मी खाली नुसत्या रेघा मारून ठेवल्या आणि खडू तिथेच ठेवून तासाला गेले. मधल्या सुट्टीत बाहेर आले तर रेघा संपल्या होत्या, फळा संपला होता, आणि नावं शेजारच्या भिंतीवर गेली होती. केमिस्ट्रीच्या सरांनी स्वतःचं नाव दोन वारांना लिहिलं होतं. पुढे कंसात ‘सायकलने’. इतक्या लांब!

चार महिने कुणी ना कुणी जात राहिलं. वहिनी आधी बसायला लागल्या, मग काठी धरून अंगणापर्यंत जायला लागल्या. दादा रजेवरूनच निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी आले, फळ्यापाशी उभे राहिले, माझं अक्षर बघून मान हलवली आणि काही न लिहिता गेले. मग कॉलेजात रजेचे अर्ज ऑनलाइन झाले. कारणाच्या रकान्यात तयार शब्द येतात. मी ‘वैयक्तिक’ दाबते, मंजुरी येते. कुणी वाचत नाही. फळा मात्र मी लिहीत राहिले.

ह्या जूनमध्ये सासूबाई न्हाणीत पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ह्या वेळी खरोखरच अत्यंत गंभीर. मी ‘वैयक्तिक’ दाबलं आणि घरी बसले. सोमवार गेला, मंगळवार, बुधवार गेला. गुरुवारी दुपारी कडी वाजली. दारात दादा. हातात थर्मास.

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कोनी नाही. हिच्या दवाया घ्याले आलतो, फाटकातून फळा पाह्यला. शनिवारचीच बातमी होती.” चप्पल काढता काढता म्हणाले, “तुमी फळा नाही लेहत म्हणजे काही तरी झालंच असन.”

सासूबाईंनी पडल्या पडल्या डोळे उघडले. ओळखलं. “ये बाप्पा, बस. ह्या खेपेला खरंच बिमार हाओ.”

दादा बसले. एकदम मोठ्याने हसले, आणि मग डोळे पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून फोनवर फोटो आला. फळ्यावर ते जुनं, वळणदार अक्षर. डावीकडे: ‘भूगोलच्या मॅडमच्या सासूबाई आजारी. बातमी खरी आहे, स्वतः जाऊन पाहिली.’ उजवीकडे: ‘दर गुरुवारी सासूबाईंजवळ बसणे.’ आणि पुढे पिवळ्या खडूने एकच नाव. त्यांचं स्वतःचं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

पाच गुरुवार ते आले. सहाव्या गुरुवारच्या आधी सासूबाई गेल्या.

आता मी पुन्हा रोज सकाळी फळा लिहिते. आधी कालचं पुसावं लागतं. ते नाव आलं की डस्टर थांबतो. ज्यांच्याजवळ बसायचं त्याच राहिल्या नाहीत, म्हणजे काम झालं म्हणायचं की नाही, हे मला ठरवता येत नाही. दादांना विचारायचंही धाडस होत नाही. मग त्या नावाला वळसा घालते आणि बाकीचा फळा पुसते.