माझ्या हातांनी तपासलेलं स्टिअरिंग

तीस वर्षं बंगळुरात यशवंतपूरला माझं गॅरेज होतं. तिथल्या एका कामाबद्दल मी खोटं बोललो. ते आता सांगून टाकतो.

बनशंकरीच्या एक शिक्षिका माझ्याकडे गाडी आणायच्या. आमच्यासारख्याच, पिढ्यान्‌पिढ्या इथे मुरलेल्या मराठी घरातल्या. स्नायूंच्या आजाराने त्यांच्या हातांतलं बळ ओसरत चाललं होतं. पाय ठीक होते, गाडी ऑटोमॅटिक होती. अडत होतं ते स्टिअरिंगवर.

"अण्णा, स्वल्प हलकं करून द्या. नाहीतर भाऊ मला शाळेत सोडायला येईल आणि रस्ताभर उपदेश करील."

हायड्रॉलिक स्टिअरिंगमध्ये पीळ घेणारी एक दांडी असते. ती जितकी बारीक, तितकं तेल लवकर मदतीला येतं. मी ती घासून बारीक केली. चाक करंगळीने फिरायला लागलं. बाई हसल्या. "अहो, याच्यापेक्षा माझं लाटणं जड आहे!"

पण इंजिन बंद पडलं की तेलाचा पंपही थांबतो आणि सगळा भार हातांवर येतो. त्यासाठी बॅटरीवर चालणारा दुसरा पंप बसवायचा असतो. मी बसवला नाही. गल्लीच्या उतारावर इंजिन बंद करून स्वतः गाडी वळवून पाहिली. जरा जड लागलं, पण वळली. सरी, ठीक आहे, म्हटलं, झालं काम.

दोन महिन्यांनी हेब्बाळच्या पुलावरून उतरताना इंजिन बंद पडलं. रस्ता डावीकडे वळला, गाडी वळली नाही. कठड्यावर आदळली. बाईंचं उजवं मनगट मोडलं.

हॉस्पिटलच्या दारात भावाने विचारलं, "अण्णा, झालं काय नेमकं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "घाबरून स्टिअरिंग सोडलं असेल त्यांनी."

आत गेलो तर बाईच माझी समजूत घालायला लागल्या. डाव्या हाताने त्यांनी माझा हात धरला. "मनाला लावून घेऊ नका. मी घट्ट धरलं होतं हो. हे बघा, अस्सं. सगळा जोर लावून."

त्यांची पकड मला जाणवतच नव्हती. हातावर कुणी रुमाल ठेवावा, तेवढंच. नटांवर पाने फिरवून राठ झालेल्या माझ्या हातांनी मी गाडी तपासली होती, आणि चालवणार होते हे हात. ते एकदाही पारखले नव्हते.

तरी बाहेर येऊन भावाला काही बोललो नाही. त्याने गाडी विकून टाकली.

पाच वर्षांनी, गेल्या महिन्यात, त्यांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. बाईंनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

"घरात सगळे म्हणतात, हिने चाक सोडलं. अण्णा, शेवटी मलाही तसंच आठवायला लागलं होतं."

मग कागद पुढे सरकवला. "लिहून द्या. सहीनिशी. भाऊ संध्याकाळी येतो."

लिहिलं. त्यांनी चाक सोडलं नव्हतं, चूक माझी होती. आणि भाऊ येईपर्यंत तिथेच बसून राहिलो.