आपल्या चौघींतच हं!

असे किस्से लिहून ठेवावे लागत नाहीत, आपोआप साठतात. सिंगापुरात बुकित पंजांगच्या एकाच ब्लॉकमध्ये राहणाऱ्या आम्ही चौघी मैत्रिणी रोज संध्याकाळी चालायला जातो. पायांपेक्षा तोंडं जास्त चालतात. घरची बातमी सांगताना प्रत्येकीचं पहिलं वाक्य ठरलेलं, "आपल्या चौघींतच हं!"

*

शैलाताई आमच्यात मोठ्या. मुलाला पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, मिळाल्याचं त्यांनी आधी आम्हाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या अंजूच्या नवऱ्याने त्यांच्या यजमानांचं लिफ्टमध्ये अभिनंदन केलं.

"माझ्या घरची बातमी मला लिफ्टमध्ये कळते!" ते कडाडले.

"मग लिफ्टने जात जा रोज," शैलाताई म्हणाल्या. "तुम्ही मेले जिने चढता!"

*

अंजूच्या लेकीला हौगांगचं स्थळ आलं. मुलाचं घर बाजारासमोरच. मी गुपचूप तासभर एमआरटी मेट्रोने तिथे डोकावायला गेले, तर मासळीच्या स्टॉलपुढे शैलाताई!

"भाजी घ्यायला आले होते," त्या म्हणाल्या.

"मी पण!" मागून माधवीचा आवाज. तिघीही शुद्ध शाकाहारी!

अंजूच्या लेकीला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "आंटी, सीसीटीव्ही नो नीड लाह. यू ऑल आर देअर!"

*

माधवीची गोष्ट मात्र वेगळी. गेल्या वर्षी तिच्या लेकीला दिवस गेले, तेव्हा तिने पहिल्याच आठवड्यात आम्हाला सांगून टाकलं. आम्ही नावंसुद्धा सुचवली. दुसऱ्या महिन्यात सगळं संपलं. तिच्या दाराची बेल वाजवायचा मला चार दिवस धीर झाला नाही. त्याची अजून लाज वाटते.

यंदा माधवी हवापाण्याच्या गप्पा मारायला लागली. एरवी दर तिसऱ्या वाक्यात लेक, आता तिचं नावही नाही. आम्ही काय ते ओळखलं. तीन महिने होईपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही, असं तिघींनी ठरवलं. आम्हाला ते किती जड गेलं, ते आमचे नवरे सांगतील!

परवा चालता चालता माधवी म्हणाली, "कुणाकडे जुनी सुती साडी आहे का गं? फरशी पुसायला हवी होती."

काल आम्ही तिघी साड्या घेऊन तिच्या दारात. तिन्ही धुतलेल्या, इस्त्री केलेल्या. शैलाताईंनी तर त्यांच्या आईची आणली होती, सायीसारखी मऊ.

माधवी तिच्यावरून हात फिरवत राहिली. "फरशी पुसायला एवढी मऊ?"

"हो मग! नाजूक असते गं फरशी," शैलाताई म्हणाल्या. "पहिले सहा महिने तर फारच."