झारीमामा आणि आंब्यावरचा पापुद्रा

झारीमामाने वाळकी काठी रोवली तरी ती भिडेखातर दोन पानं काढील, असं बागेतले बाकीचे माळी म्हणत. साहेब तर त्याच्यासमोर मोडकी खुर्ची ठेवायला घाबरत. न जाणो, पालवी फुटली तर बसायचं कुठं? स्वतःच्या लग्नात पाहुणे जेवत होते आणि नवरदेव कुठं, तर मागच्या अंगणात सुकलेल्या कुंड्यांना पाणी घालत होता!

त्याची खोली बागेच्या कुंपणालाच लागून. खोलीत एक खाट आणि खाटेवर बायको. कमरेखालचं अंग लुळं पडल्यापासून तिचं सगळं जग म्हणजे एक खिडकी, आणि त्या खिडकीला खेटून उभा एक आंबा. संध्याकाळी मामा दारात आला, की "काय गं, आज काय झालं?" विचारायचा. मग बातम्या सुरू. खारी भांडल्या, कावळीणबाईंनी नवऱ्याला घरट्याबाहेर काढलं, एक ना दोन.

आणि रस्ता रुंद करायच्या आखणीत नेमका तोच आंबा सापडला. बुंध्यावर लाल फुली पडली.

अशात कॉलेजातल्या एक बाई भिंग घेऊन बागेत आल्या. फुलीच्या जरा वर सालीला चिकटलेला तळहाताएवढा राखाडी पापुद्रा होता. त्यावर बारीक काळ्या रेघोट्या, जणू शाईत पाय बुडवून मुंगी फिरून गेली असावी. बाईंनी भिंग लावलं ते काढवेचना.

"मामा, हे शैवाक आहे. बुरशी आणि शेवाळ मिळून एकत्र संसार करतात, तो हा. या जातीचं शैवाक या भागात अजून कुणाला सापडलेलं नाही."

"म्हणजे झाडाला नायटा नाही झाला?"

"नाही हो! ते झाडाचं काहीच खात नाही. उलट तेच झाडाला वाचवील. झाड तोडू नये म्हणून मी अर्ज करते, थंडी सरली की समिती बघायला येईल. तोवर याला जपा. कुणाला खरवडू देऊ नका."

बायकोने ऐकलं आणि ती कितीतरी दिवसांनी खळखळून हसली. "अहो, जन्मभर गुलाब पोसलेत. आता नायटा पोसा!"

"पोसतो की. परातीएवढा करून दाखवतो."

मग काय विचारता! सकाळी पापुद्र्यावर झारीची बारीक धार. संध्याकाळी पेंड कुजवून केलेलं पाणी फडक्याने हळूहळू टिपायचं, तान्ह्या लेकराच्या टाळूला तेल लावावं तसं.

"काय झारीमामा, भिंतीवरच्या पालीलाही खत घालणार का?" जोडीदार माळ्याने टोमणा मारला.

"तू तुझा मोगरा बघ. तुझ्यासारखाच रडका झालाय."

होता होता पापुद्रा हिरवा दिसू लागला. मामाचा आनंद पोटात मावेना. "अगं, बाळसं धरलंय त्यानं!"

बायकोने खिडकीतून डोळे बारीक केले. "हिरवं दिसतंय खरं. पण रेघोट्या कुठं गेल्या हो?"

"हिरव्याखाली असतील. जातील कुठं?"

समिती आली. मामा धुतलेला सदरा घालून बुंध्याशी उभा. बाईंनी भिंग काढलं, मग बोट लावलं. बोटाला हिरवा बुळबुळीत थर आला आणि त्याखालचा पापुद्रा भिजल्या कागदासारखा सुटून मातीत पडला.

"मामा, याला काही घातलंत का?"

"पाणी. आणि पेंड. नेमाने, बाई, एक दिवस खाडा केला नाही."

बाईंचा चेहरा उतरला. "ते हवेवर जगतं, मामा. खताने मरतं."

समितीतल्या एकाने विचारलं, "दुसऱ्या झाडावर आहे का कुठं?" बाईंनी बागेतला बुंधा न् बुंधा पाहिला. नव्हतं.

बाई रागावल्या असत्या तर मामाला बरं वाटलं असतं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "मी सांगायला हवं होतं." भांडायलाही कुणी उरलं नाही.

करवत आली. आंबा पडला तशी खिडकीतून उन्हाची तिरीप थेट बायकोच्या डोळ्यांवर आली.

"अहो, खाट फिरवा. भिंतीकडे तोंड करा माझं."

मामाने खाट फिरवली. पायथ्याशी बसून म्हणाला, "मला दुसरं काही येतच नाही गं."

"ठाऊक आहे मला."

अजूनही संध्याकाळी तो दारात आला, की सवयीने विचारतो, "काय गं, आज काय झालं?"

ती भिंतीकडे बघतच म्हणते, "काही नाही."