गुरुवारचा विद्यार्थी

काही प्रकरणांची फाइल बंद होते, पण ती आठवायची थांबत नाहीत. हे त्यांपैकी एक. खून-दरोड्याचे नाही. ते न्यायालयात गेले नाही, वर्तमानपत्रात आले नाही. तरी गेले चार महिने, म्हणजे माझी पत्नी गेल्यापासून, मी रोज फिरून त्याच प्रकरणापाशी येऊन थांबतो. लिहून काढले तर कदाचित समजेल, म्हणून हळूहळू लिहितो आहे. नाव कोणाचेही देत नाही.

तेव्हा मी नगर रस्त्यावरच्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. निवृत्तीला दोन वर्षे उरली होती. सकाळचे टपाल मी स्वतः पाहत असे. निनावी अर्जांचा वेगळा गठ्ठा असायचा. शेजाऱ्याचा कुत्रा, सोसायटीच्या अध्यक्षाची मनमानी, कोणाच्या तरी सुनेचे वागणे. बहुतेक अर्ज वाचून बाजूला पडत. एक पत्र मात्र हातात राहिले. त्यात एवढेच होते :

‘आपल्या हद्दीतील तंत्रनिकेतनात प्रथम वर्ष यंत्र शाखेतील रोल नंबर ३१ च्या जागी दुसराच मुलगा वर्कशॉप करतो. प्रात्यक्षिक परीक्षेच्या आधी त्याला थांबवावे. मारू नये.’

मी ते आमच्या जुन्या हवालदारांकडे दिले. त्यांनी चष्मा वर केला. “अक्षर बघा साहेब. छापल्यासारखं. तक्रारदार शाळेत पहिल्या बाकावर बसत असणार.”

“ते ठीक आहे. ‘मारू नये’ कशाला लिहिलंय?”

“आपली कीर्ती पोचलेली दिसते.”

तेव्हा भरती परीक्षांमध्ये डमी उमेदवार बसवण्याचे प्रकार फार ऐकू येत. मला वाटले, टोळीचे एक टोक हाती लागले.

ते तंत्रनिकेतन वाघोलीच्या अलीकडे होते, एका जुन्या ट्रस्टचे. आजूबाजूला काचेच्या इमारतींची खासगी महाविद्यालये उभी राहिली होती. याचे वर्कशॉप अजून पत्र्याचे होते. फी मात्र रिक्षावाल्याला, वॉचमनला, धुणीभांडी करणाऱ्या बाईला भरता येईल अशी. त्यांचीच मुले तिथे शिकत. एक जागा मिळावी म्हणून लोक जून महिन्यात पहाटेपासून फाटकाशी उभे राहत.

वर्कशॉपचे सर साठीला टेकलेले होते. मी रोल नंबर एकतीस म्हणताच त्यांनी कपाटातून लोखंडाचे दोन तुकडे काढले, त्यांच्या भाषेत ‘जॉब’. एकाला खाच, दुसऱ्याला जीभ. एकात एक बसवून त्यांनी वर काटकोन तपासायचा गुण्या लावला आणि खिडकीकडे धरला.

“फटीतून उजेड दिसतो का?”

“नाही.”

“कानशीने हातानं घासलंय. पहिल्या वर्षाच्या पोरानं. तीस वर्षांत असे हात मी दोनच पाहिले.”

“दुसरे कोणाचे?”

“माझे,” ते म्हणाले आणि कपाट बंद केले.

या तुकडीचे वर्कशॉप दर गुरुवारी दिवसभर असे. बाकीचे दिवस मुख्य इमारतीत तासिका. तिथले शिक्षक वर्कशॉपकडे फिरकत नसत आणि हे सर वर्कशॉप सोडून कुठे जात नसत.

पुढच्या गुरुवारी मी साध्या कपड्यांत जाऊन कोपऱ्यात बसलो. एकतीस नंबरचा मुलगा घासत होता. ओळखपत्रावरचा फोटो त्याच्यासारखाच होता, आणि नव्हताही. मी गोंधळलो तो दुसऱ्याच गोष्टीने. डमी माणूस तासाभरासाठी येतो आणि निघून जातो. हा सरांना शंका विचारत होता, खिशातल्या वहीत उत्तर लिहीत होता. घंटा झाली, मुले पळाली. हा ब्रश घेऊन सगळ्या टेबलांवरचा लोखंडाचा कीस झाडत राहिला. गुन्हेगाराला इतका वेळ रेंगाळलेला मी पाहिला नव्हता.

शुक्रवारी मी रोल नंबर एकतीसला तासिकेतून वर्कशॉपमध्ये बोलावून घेतले. मुलगा आला. तोच चेहरा, पण थोडा बारीक. मी त्याच्या हातात कानस दिली. “घास.”

त्याने ती झाडूसारखी धरली.

वर्कशॉपचे सर स्टुलावर बसले. बराच वेळ त्याच्याकडे पाहून त्यांनी मला विचारले, “हा कोण?”

ठाण्यात आणून मी त्याला समोर बसवले. आवाज चढवला नाही. मुलगा एकच उत्तर देत होता : “गुरुवारी मीच असतो.” वडील नाहीत, आई बुलढाण्याकडे गावी, येरवड्यात भाड्याची खोली, खोलीत अजून एक जण. तो कोण, हे विचारले की मान खाली. दोन तास गेले. त्याला घाम फुटला होता, पण का कोण जाणे, त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखे काहीतरी होते. ते मी पाहिले, पण त्याचा अर्थ मला लागला नाही.

हवालदार चहा ठेवता ठेवता म्हणाले, “साहेब, गुरुवारी सुट्टी कोणाला असते?”

पुण्यात हे लहान मुलालाही ठाऊक असते. भोसरीच्या कारखान्यांना. मी उगाच टोळी शोधत बसलो होतो.

भोसरीला माणूस पाठवावा लागला नाही. पहिली पाळी सुटल्यावर गुरुवारचा मुलगा स्वतःच आला. अंगावर कंपनीचा निळा शर्ट, हाताला तेलाचा वास.

“साहेब, त्याले सोडा. जॉब म्या घासले.”

“तू कोण?”

“त्याचा मोठा भाऊ.”

“कशासाठी केलंस हे?”

त्याने माझ्याकडे असे पाहिले, की प्रश्न चुकीचा होता की काय असे मलाच वाटले. “शिकाले, साहेब.”

मग त्याने सांगितले. तो दहावीला गणितात नापास झाला, वडील गेले, म्हणून पुण्याला येऊन कामाला लागला. धाकट्याला मार्क पडले, जागा मिळाली. पहिल्याच आठवड्यात धाकट्याने बोट कापून घेतले आणि कानशीची धास्ती घेतली. एका गुरुवारी थोरला त्याच्या जागी गेला. मग दर गुरुवारी जात राहिला.

“कंपनीत दिवसभर प्रेसचं बटन दाबतो. काय बनते ते मले मालूम नाही. सरांनी पहिल्या दिवशी हाती जॉब देऊन विचारलं, हे काय आहे? सांगितलं बी त्यांनीच.” त्याने तेलकट हात शर्टाला पुसले. “त्याले पास व्हायचं होतं, मले शिकाचं होतं. कोनाचं काय गेलं?”

तोतयेगिरीचे कलम मला पाठ होते. तरी मी दोघांना घरी पाठवले आणि सकाळी यायला सांगितले.

पत्र कोणी लिहिले, हे राहिलेच होते. माझी पत्नी एका तंत्रशाळेत ड्रॉइंग शिकवून त्याच वर्षी निवृत्त झाली होती. ठाण्याचा कागद घरी आणणे नियमाला धरून नव्हते, पण मी आणला. सकाळी चहाच्या वेळी तिने तो खिडकीच्या उजेडात आडवा धरला.

“रेषा पुसल्यात.”

“कुठल्या?”

“अक्षरांच्या वर आणि खाली. आम्ही पहिल्याच आठवड्यात शिकवतो. आधी दोन हलक्या रेषा, मग त्यांच्यात अक्षर बसवायचं. पहिल्या वर्षाचा मुलगा आहे हा. निनावी पत्रसुद्धा रेषा आखून लिहिलंय हो त्यानं. सवय, दुसरं काय.”

आदल्या दिवशीच्या त्या सुटल्यासारख्या चेहऱ्याचा अर्थ मला आता लागला. मी ठाण्यात गेलो. दोघे आधीच येऊन बसले होते. थोरल्याला बाहेर थांबवून मी धाकट्याला आत घेतले आणि पत्र पुढे ठेवले. “तूच लिहिलंस.”

तो रडू लागला. का लिहिले, असे विचारल्यावर आधी म्हणाला, “परीक्षेला बाहेरचे सर येणार होते. तेव्हा सापडला असता तर भाऊला जेलमध्ये टाकलं असतं. त्याच्या आधी कोणीतरी थांबवावं म्हणून.” थोड्या वेळाने म्हणाला, “सगळे मला शाबासकी देतात, सर. ते हात भाऊचे आहेत.” आणि उठता उठता, दाराकडे पाहत, अगदी हळू : “भाऊ जेवताना पण वर्कशॉपचंच बोलतो. मला वाटायला लागलं, एक दिवस म्हणेल, ती जागा मला दे. म्हणाला असता तर मी काय करणार होतो?”

जबाबात मी पहिले कारण लिहिले. खरे कोणते, हे मला तेव्हा कळले नाही. आजही सांगता येत नाही. कदाचित त्यालाही आले नसते. पत्राबद्दल थोरल्याला मी काही सांगितले नाही.

प्राचार्यांना मुलगा काढून टाकायचा होता. “संस्थेचं नाव खराब होईल, साहेब. इथे एका जागेसाठी वीस पोरं रांगेत आहेत.”

वर्कशॉपचे सर न बोलावता आले होते. ते म्हणाले, “फी परवडते हो यांना. इथली फी कोणालाही परवडते. दिवस परवडत नाही. दोघांतल्या एकाला रोज कामावर जावंच लागतं. त्याचं काय करायचं, ते तुमच्या नियमात बघा.”

नियमात काही नव्हते. मी प्राथमिक चौकशीचा अहवाल लिहिला. परीक्षा झालेली नाही, कोणाचा आर्थिक फायदा नाही, सबब गुन्हा दाखल केला नाही, दोघांना समज दिली. धाकट्याची जागा वाचली. त्याचे वर्षभराचे वर्कशॉप रद्द झाले. ते त्याला पुढच्या वर्षी स्वतःच्या हाताने करावे लागणार होते. थोरल्याला फाटक बंद झाले.

जाताना मी त्याला म्हणालो, “दहावी पास हो. सतरा नंबरचा फॉर्म भर, बाहेरून परीक्षा देता येते.” आपण असे म्हणतो, तसे म्हणालो.

तो हसला. “फॉर्म तं भरीन साहेब. शिकवाले कोन बसते?”

घरी पत्नीने विचारले, “त्या मोठ्याचं काय झालं?”

“समज देऊन सोडलं.”

“समज त्याला होतीच की,” ती म्हणाली. मग राहतो कुठे, कंपनी कुठली, असे दोन-तीन प्रश्न विचारले. मी सांगितले आणि पेपर वाचू लागलो.

त्यानंतर कधीतरी ती दर गुरुवारी घराबाहेर पडू लागली. गुरुवार दत्ताचा. बिबवेवाडीतल्या तिच्या दोन मैत्रिणी गुरुवारी दत्ताच्या देवळात जात, तीही जात असणार असे मी धरून चाललो. तिला विचारले नाही. मी निवृत्त झालो, दिवसभर घरात असायचो, तरीही विचारले नाही. सकाळी दहाला पिशवी घेऊन निघायची, दुपारी यायची. पिशवीतून एक लाकडी दांडा डोकावत असे. मी त्याला छत्री समजत होतो. दोनदा तिने पेढे आणले. मी डोळ्यांना लावून खाल्ले.

ती गेल्यावर, तेरावा झाल्यानंतरच्या गुरुवारी दारात एक तरुण उभा होता. हातात कागदाची गुंडाळी. चेहरा ओळखीचा वाटला, पण दोघांतला कोणता, ते ठरेना.

“मोठा,” तोच म्हणाला. त्याला माझी अडचण कळली असावी.

मी त्याला आत बसवले. “कंपनी?”

“सोडली. आता तो कमावते, मी शिकतो. दहावी झाली, रात्रपाळी करून दुपारचं आयटीआय झालं. आता डिप्लोमाले थेट दुसऱ्या वर्षात बसलो. त्याच कॉलेजात. रोल नंबर माहा स्वतःचा.”

“आणि शिकवलं कोणी?”

“मॅडमनी. तुम्हाले खरंच माहीत नव्हतं? येरवड्याच्या खोलीवर यायच्या, दर गुरुवारी. आधी गणित. मग ड्रॉइंग. टेबल नव्हतं, तं पाटावर शीट लावायच्या. रेषा आखाची लाकडी पट्टी, टी-स्क्वेअर, घरून आणायच्या.”

मला दांडा आठवला. पेढेही आठवले.

“मला का नाही सांगितलं?”

“म्या विचारलं होतं. तं म्हणाल्या, त्यांना नको सांगू, ते चौकशी करत बसतील.”

मी हसलो की काय केले, आठवत नाही. त्याने पाणी आणून दिले.

या प्रकरणाने काय शिकवले, असे अशा लेखाच्या शेवटी लिहायचे असते. मी चार महिने शोधतो आहे. पुराव्याकडे नीट पाहावे, म्हणावे, तर पुरावा चार वर्षे माझ्याच घरातून दर गुरुवारी दहा वाजता बाहेर पडत होता. माणसे ओळखता यावीत, म्हणावे, तर धाकट्याचे तीनपैकी खरे कारण कोणते, तेही मला ठरवता आले नाही. कायद्याने वागलो, त्यात चूक नव्हती. पण मी अहवाल लिहून थांबलो, आणि तिने तिथून पुढे सुरुवात केली. ती मला का सांगत नव्हती, याचे कारण फक्त चौकशी हेच होते का, हे विचारायला आता ती नाही.

त्या दिवशी निघताना त्याने गुंडाळी पुढे केली. “ही शीट मॅडमनी दिली होती. झाली. तपासाले आता कोनी नाही.”

“ठेवून जा,” मी म्हणालो.

तो अजूनही गुरुवारी येतो. कॉलेज आटोपले की नवी शीट घेऊन येतो. मला त्या चित्रांतले काही कळत नाही, आणि मला कळत नाही हे त्यालाही माहीत आहे. तो समोर बसतो, चहा घेतो. मी कागद उचलून खिडकीच्या उजेडात आडवा धरतो, तिने धरला होता तसा, आणि अक्षरांच्या वर-खाली त्या दोन हलक्या रेषा आहेत का ते पाहतो. तेवढेच मला तपासता येते. असतात.