बारीक धारेची गिरणी

कल्पना करा, दहा हॉर्सपॉवरच्या डिझेल इंजिनापुढं तुम्ही उभे आहात. दोन्ही हातांनी हँडल गरागरा फिरवायचं, चाकानं वेग धरला की सिलिंडरचा दाब धरणारा खटका पाडायचा आणि हँडल लगेच ओढून घ्यायचं. उशीर झाला तर मनगट मोडतं. पिशोरची आवडाबाई साठीतही हे एकटी करायची.

नवरा सांडू वारल्यावर पिठाची गिरणी तिच्याकडं आली. मुलगा अतुल वाळूजला कंपनीत. "माय, इंजिन चालतंय तवर राहा गावात. बंद पडलं की माझ्याकडं यायचं," असं त्यानं कबूल करून घेतलं होतं. त्याच्याकडं ती एकदा आठवडाभर राहून आली. मुलगा-सून कामावर, ही खोलीला आतून कडी लावून बसलेली. परत आली ती इंजिनाला जपायचं ठरवूनच.

जपायचं म्हणजे काय, तर धान्य पडतं तिथली पत्र्याची पट्टी जेमतेम उघडायची. गव्हाची धार सुतळीएवढी. इंजिनाचा आवाज चढू द्यायचा नाही. बायका डबे घेऊन ताटकळायच्या.

"आवडाबाई, दळताय का गहू निवडताय?" शेजारची गोजरबाई विचारायची.

"तुझं काय जातंय? इंजिन माझं हाय."

पण दळण असो-नसो, स्वतःला फिरवण्यापुरतं डिझेल इंजिन पितंच. धार बारीक म्हणून दळायला वेळ जास्त, आणि तेवढा वेळ ते पिणं चालूच. प्रत्येक डब्यामागं डिझेल जास्त जळत होतं. तिला मात्र ऐकू यायचा तो शांत आवाज. शिवाय हलक्या कामानं सिलिंडर नीट तापत नव्हता. अर्धवट जळलेल्या डिझेलची काजळी आत साचत गेली. धुराड्यातून काळं तेल ओघळायचं. ते ती चिंधीनं पुसून टाकायची.

यंदा पोळ्याच्या तोंडावर गावचा ट्रान्सफॉर्मर जळाला. विजेच्या गिरण्या बंद पडल्या आणि सगळं गाव आवडाबाईच्या दारात आलं. रांग बघून तिनं कित्येक वर्षांनी पट्टी पूर्ण उघडली. इंजिन घुमलं, त्यानं काळाकुट्ट धूर सोडला आणि अर्धा डबा जात्यात ठेवून ते थांबलं. तिनं पुन्हा पुन्हा हँडल मारलं. सिलिंडर दाबच धरेना. एकेक बाई डबा उचलून निघाली.

कन्नडहून शिवराज मिस्त्री आला. त्यानं इंजिन उघडलं. पिस्टनच्या रिंगा काजळीत रुतून बसल्या होत्या.

"मावशे, ह्याच्यावर लोड टाकत नव्हतीस का?"

"नाय रं. लई जपलं."

"तिथंच घात झाला. डिझेल इंजिनाला ओझं लागतं. चांगलं तापलं की आतली घाण जळून जाती. आता सिलिंडरबी गेलाय. ह्याचं सामान मिळत नाय."

अतुलनं फोनवरच भंगारवाला ठरवला. शिवराज पाने-पक्कड पिशवीत भरू लागला. आवडाबाई उघड्या इंजिनाशेजारी बसून राहिली होती.

"शिवराज, ओझं कमी पडतंय, हे आवाजावरून कळलं असतं का रं?"