वाघदेवाला वळसा

कासा गावाच्या बाजूला एका पाड्यामागे आमच्या रस्त्याची आखणी अडली. समोर वाघदेव होता.

मी वनखात्यात सर्व्हेअर. जंगलाचे नंबर घातलेले तुकडे असतात, त्यांना कंपार्टमेंट म्हणतात. आमच्या हद्दीत एकाच कंपार्टमेंटला रस्ता नव्हता. वणवा लागला की टँकर पोहोचत नसे, म्हणून रस्ता मंजूर झाला.

आत जायला एकच पायवाट. तिच्या तोंडाशी शेंदूर लावलेला लाकडी वाघदेव. पाड्याची रीत अशी की, देवाच्या पुढे कोयता-कुऱ्हाड न्यायची नाही. हत्यार तिथेच ठेवायचं आणि हाताने मोडेल तेवढीच सुकी काटकी आणायची.

मी साहेबांना फोन केला. ते म्हणाले, देवाला धक्का नको, लाइन फिरवा. मी ती बरीच लांबून, पलीकडच्या उतारावरून नेली. वाघदेवाची पूजा करणारे पाड्याचे भगत, देवजीकाका, खूश झाले. घरी नेऊन कोरा चहा पाजला आणि म्हणाले, "सरकार पहिल्यांदाच कोणाला वळसा घालून गेलं. आता तुमची बदली आम्ही होऊ देत नाय."

उन्हाळ्यात रस्ता झाला. पावसाळ्यानंतर तपासणीला गेलो. जीप सरळ आत गेली. थांबलो, तेव्हा वाटलं की भलत्याच कंपार्टमेंटमध्ये आलो. नकाशा काढून पाहिला. जागा तीच होती. जुना साग, ऐनाची झाडं, काही नव्हतं. नुसते बुंधे.

पुढे एका टेम्पोत ओंडके चढत होते. बाहेरची टोळी असेल असं वाटलं, पण चढवणारा देवजीकाकांचा पुतण्या होता. तो लपला नाही. हसून त्याने मला पाणी विचारलं.

मी तसाच काकांकडे गेलो. ते ओट्यावर बसले होते.

"काका, तुमची रीत कुठे गेली?"

ते म्हणाले, "रीत कोणी मोडली नाय, साहेब. पोरं नव्या रस्त्याने जातात. देव वाटेत येतच नाय."

देवाचा मान राखावा, हे आम्हा सगळ्यांनाच पटलं होतं. त्याला मान होता तो वाटेवर उभा असल्यामुळे, हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही. रस्ता नसणं हीच त्या जंगलाची राखण होती. ती आम्ही रीतसर मंजुरी घेऊन उठवली.

आता टेम्पो अडवायला त्या रस्त्यावर आडवा चर खणला आहे. टँकरही जात नाही. वणव्याने जळावं असं तिथे फारसं उरलेलंही नाही.