त्या गोलनंतरचा नाच

खांद्याच्या शेकासाठी मी काळेवाडीतल्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात गेलो होतो. शेजारच्या खुर्चीत एक मुलगी गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बसली होती. पंचविशीची, उन्हाने रापलेली. बोलताना पायाचा अंगठा फरशीवर गोल फिरवत राहायची, जणू तिथे चेंडूच आहे.

"मॅचमध्ये लागलं, काका," ती म्हणाली.

ती भारताच्या संघात फुटबॉल खेळत होती. वडील लहानपणीच घर सोडून गेले. आई चाकणच्या एका कंपनीत दिवसभर उभी राहून पॅकिंग करायची आणि हिच्या बुटांसाठी वर ओव्हरटाइमही. बूट येईपर्यंत ही दापोडीच्या मैदानात मुलांमध्ये अनवाणीच खेळली.

तेवढ्यात रिसेप्शनवरची बाई मोबाइल घेऊन आली. "ताई, हा तुमचाच गोल ना? काय नाचलात हो!"

"हो, माझाच." ती हसली. फोटोही काढू दिला. व्हिडिओकडे मात्र तिने पाहिलं नाही.

बाई गेल्यावर मी म्हटलं, "आईला केवढा आनंद झाला असेल!"

तिचा फरशीवर फिरणारा अंगठा थांबला.

"आई त्याच दिवशी सकाळी गेली. तिनं मावशीला बजावून ठेवलं होतं, 'मला काही झालं तर खेळ संपेपर्यंत पोरीला कळवू नका.' मावशीनं शब्द पाळला." तिचा आवाज अगदी साधा होता. "अख्ख्या गल्लीला माहीत होतं, काका. सगळे टीव्हीसमोर बसून रडत होते. आणि मी तिकडे नाचत होते."